तारण ठेवलेलं बेट

परदेशप्रवासाची सुरुवात विमानतळावर होते असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. परदेशप्रवासाची सुरुवात वहीत होते. निदान बँकेतल्या कारकुनाच्या बाबतीत तरी तसंच घडतं. समुद्र, सूर्यास्त, गार वारा वगैरे गोष्टी जमा आणि नावे अशा दोन रकान्यांत मांडून खाली बेरीज जुळवल्याखेरीज मला दिसतच नाहीत. बी.कॉम.ला मला फक्त दुसरा वर्ग मिळाला होता. पण माणसाची दृष्टी कायमची बदलायला तेवढाही पुरतो.

आमच्या लग्नाला वीस वर्षं पुरी व्हायला आली, तेव्हा मी ही वही उघडली. त्याला कारण आमचे हेड कॅशियर. ते सपत्नीक ‘दहा दिवसांत सात देश’ करून आले आणि पुढचा आठवडाभर नोटा मोजता मोजता आम्हाला युरोप सांगत राहिले. त्यातले दोन देश त्यांनी झोपेत पाहिले होते आणि एक बसच्या खिडकीतून. पण सात म्हणजे सात! त्याच दिवशी मी ठरवलं, की आपण देश एकच करायचा, पण जागेपणी करायचा.

देश निवडताना मी शुद्ध वाणिज्य शाखेचा विचार केला. देश जितका लहान तितका खर्च कमी. नकाशावर बोट फिरवत भूमध्य समुद्रात आलो, तर इटलीच्या सिसिली बेटाखाली माशी बसल्यासारखा एक ठिपका दिसला. फुंकर मारली. उडाला नाही. तो माल्टा. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईत असे जवळजवळ दोन माल्टा मावतील. मुख्य बेटाची लांबी २७ किलोमीटर. चर्चगेटला लोकलमध्ये बसलं तर गोरेगावच्या आसपास देश संपतो! लोकसंख्या पाच लाखांच्या वर.

“एवढासा देश तीन दिवसांत पाहून होईल आणि उरलेले चार दिवस आपण नुसते समुद्राकडं बघत बसू,” मी हिला सांगितलं.

“नुसतं बसायला इतक्या लांब?” ही म्हणाली.

हा होकारच आहे असं धरून मी पुढच्या कामाला लागलो.

विमानाचं भाडं बेटाच्या आकारावर ठरत नाही, ही गोष्ट मला वहीच्या दुसऱ्या पानावर कळली. तिसऱ्या पानावर युरोनं दर्शन दिलं. एका युरोला शंभराच्या घरात रुपये! चौथ्या पानावर बेरीज झाली आणि बँकेतली मुदत ठेव मोडूनही सव्वा लाख रुपये कमी पडतात असं निघालं. मी थोडा वेळ विचार केला आणि त्या रकमेसमोर पेन्सिलीनं फक्त ‘पा.’ एवढं एकच अक्षर लिहून वही मिटली. त्याचा खुलासा पुढं येईल. किंबहुना तो यायला नको होता, पण आला.

आता व्हिसा. माल्टा २००७ सालापासून शेंगेन मंडळात आहे, त्यामुळं तिथं जायला शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी ही मंडळी बँकेचा उतारा मागतात, विमा मागतात, हॉटेलची नोंद मागतात आणि वर ‘रोजचा बेत लिहून द्या’ म्हणतात. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला उद्या काय करणार हे विचारणं हाच मुळात अन्याय आहे. पण मी निमूटपणे ‘दिवस पहिला’ असं लिहिलं आणि थांबलो. पहिल्या दिवशी काय पाहायचं हे कळायला तिथं काय काय झालं हे कळायला हवं. म्हणून ग्रंथालयातून दोन जाडजूड पुस्तकं आणली. रात्रीची जेवणं झाली की ही दुसऱ्या दिवसाची मेथी निवडायला बसायची आणि मी माल्टा वाचून दाखवायचो. बॅलन्स शीटपलीकडे गंभीर वाङ्मय म्हणून मी पहिल्यांदाच काही वाचत होतो, त्यामुळं आवाज थोडा मोठा लागायचा.

सुरुवात झकास झाली. माल्टाच्या शेजारीच गोझो नावाचं त्याचं धाकटं बेट आहे. तिथली दगडी देवळं इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमाराची आहेत, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षाही जुनी. पुढं फिनिशियन आले, रोमन आले. इसवी सन ६० च्या सुमारास सेंट पॉल आले; तेही स्वखुशीनं नव्हे. त्यांना कैदी म्हणून रोमला नेत होते, वाटेत वादळात जहाज फुटलं आणि सगळे किनाऱ्याला लागले. शेकोटीसाठी काटक्या गोळा करताना हाताला साप डसला आणि तरी पॉलना काही झालं नाही, असं बायबलात आहे. तीन महिने तिथं राहून मग ते पुढं गेले.

“व्हिसा?” हिनं विचारलं.

“तेव्हा नव्हता.”

“मग बरोबर. जहाज फुटून जाणाराला रोजचा बेत कोण विचारणार?”

८७० साली अरब आले. १०९१ साली सिसिलीचे नॉर्मन आले. अरबांचं राज्य पुढं गेलं, पण भाषा राहिली. आजची माल्टी भाषा अरबीच्या पोटची आहे, मात्र ती रोमन लिपीत लिहितात. तिथं जगाला ‘दिन्या’ म्हणतात आणि पुस्तकाला ‘क्तीब’. आपली दुनिया आणि आपली किताब! दोन शब्द आधीच येत होते म्हटल्यावर माझा उत्साह वाढला. पास्तित्सी नावाचा तिथला पदार्थ म्हणजे खुसखुशीत पाऱ्यांची करंजीच, आणि तीत मटारचंही सारण असतं, हे वाचल्यावर हिचाही थोडा वाढला.

मग आलं पंधरावं शतक, आणि तिथं माझ्यातला बँकवाला जागा झाला.

तेव्हा माल्टा आरागॉनच्या पाचव्या आल्फोन्सो राजाच्या ताब्यात होता. राजेलोकांना पैसे नेहमीच कमी पडतात, कारण सैन्य उधारीवर लढत नाही. तर या राजानं काय करावं? त्यानं अख्खं बेट, माणसांसकट, ३०,००० सोन्याच्या फ्लोरिनांवर गहाण टाकलं! गोन्साल्व्हो मॉनरॉय नावाचा सरदार हा त्यातला सावकार. वाचता वाचता मी खुर्चीतून उठलो. तारणावर कर्ज देणाऱ्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली आहेत. घर, शेत, ट्रॅक्टर, विम्याची पॉलिसी, आजीची एकदाणी, सगळं तारण म्हणून पाहिलं आहे. पण चालता-बोलता देश तारण ठेवलेला मी प्रथमच पाहत होतो. त्याचं मूल्यांकन कुणी केलं असेल, माणसं धरून केलं की वगळून, असले प्रश्न मला झोपू देईनात.

सावकाराला मुद्दलाची घाई नसते, व्याजाची असते. मॉनरॉयच्या अमलाला लोक विटले आणि उठले. तो स्वतः बेटावर नव्हता. त्याची बायको होती. तिला लोकांनी बंदरावरच्या किल्ल्यात कोंडून धरलं. शेवटी त्यांनीच राजाला कळवलं, की बाबा रे, तुझं कर्ज आम्ही फेडतो, पण आम्हाला सोडव. मूठभर लोकांच्या त्या खडकाळ बेटानं जमेल तशी रक्कम उभी केली. मॉनरॉयनंही मरताना तिचा काही भाग सोडून दिला. आणि १४२८ साली राजानं सनद लिहून दिली, की हे बेट आता कायम राजाच्याच पदरी राहील, पुन्हा कुणालाही दिलं जाणार नाही; आणि दिलंच, तर प्रजेनं हत्यार उचलून विरोध केला तरी चालेल.

हिची मेथी थांबली होती.

“म्हणजे गहाण टाकलं राजानं आणि सोडवलं लोकांनी?”

“हो ना!”

“स्वतःच्या पैशानं?”

“स्वतःच्या पैशानं.”

“बरं,” ही म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली. या ‘बरं’कडं मी त्याच वेळी लक्ष द्यायला हवं होतं. काउंटरवर बसून वीस वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचणारा माणूस घरी मात्र निरक्षर असतो.

दुसऱ्या रात्री आले सेंट जॉनचे सरदार. धर्मासाठी लढणारी आणि आजाऱ्यांची सेवा करणारी ही संघटना. ऱ्होड्स बेटावर त्यांचं ठाणं होतं. १५२२ साली तुर्की सुलतान सुलेमाननं ते जिंकलं आणि सात-आठ वर्षं हे सरदार बिऱ्हाड पाठीवर घेऊन युरोपभर जागा शोधत हिंडले. तेव्हा आल्फोन्सोच्या गादीवर सम्राट पाचवा चार्ल्स होता. तो म्हणाला, माल्टा घ्या. भाडेकरू खानदानी असले तरी जागा पाहिल्याशिवाय घेत नाहीत. सरदारांनी १५२४ साली पाहणीला माणसं पाठवली. त्यांचा अहवाल वाचून मला आमच्या मूल्यांकनवाल्यांची आठवण झाली : मऊ दगडाचा खडक, माती थोडी, झाडं जवळजवळ नाहीत, पाण्याची वानवा. पण बंदर मात्र उत्तम!

१५३० साली करार झाला. भाडं काय? दर वर्षी एक ससाणा! ऑल सेंट्सच्या सणाला सिसिलीतल्या राजप्रतिनिधीकडं हा पक्षी पोचवायचा, की वर्षाचं भाडं फिटलं. एका पक्ष्याच्या भाड्यात दोन बेटं, बंदरं, किल्ले! मुंबईतल्या जुन्या पागडीच्या भाडेकरूंनीही यापुढं माना खाली घालाव्यात. अर्थात करारात एक मेख होती. माल्टाबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं त्रिपोली हे ठाणंही सरदारांनीच सांभाळायचं होतं. लॉकर हवा तर विम्याची पॉलिसीही घ्या म्हणतात, तसलाच हा प्रकार. मी ही तुलना मोठ्यानं बोलून दाखवली आणि हसलो. एकटाच हसलो.

“आणि ती सनद?” हिनं विचारलं.

“कुठली?”

“पुन्हा कुणाला देणार नाही म्हणालेली.”

“ती... ती होतीच की. पण चार्ल्सनं दिलं.”

“लोकांना विचारून?”

“तेव्हा विचारायची पद्धत नव्हती.”

“१४२८ ते १५३०. शब्द किती वर्षं टिकला?”

वजाबाकीचं नाव काढलं की मी बेसावध होतो. “एकशेदोन,” मी ताबडतोब उत्तर दिलं.

“तुमचा आठ,” ही म्हणाली, आणि मेथीच्या जुडीखालून माझी वही काढून तिनं चौथं पान उघडलं. “‘पा.’ म्हणजे काय हो?”

“पासपोर्ट,” मी म्हणालो.

“सव्वा लाखाचा?”

आता खुलासा करणं भाग आहे. ‘पा.’ म्हणजे पाटल्या. हिच्या आईनं लग्नात हिला घातलेल्या, चार तोळ्यांच्या. बारा वर्षांपूर्वी आम्ही हे दोन खोल्यांचं घर घेतलं, तेव्हा सुरुवातीला भरायची रक्कम कमी पडली. माझ्या हाताखालून रोज लोकांचं सोनं कपाटात जायचं. त्यात एक दिवस हिच्या पाटल्या गेल्या. पावती मीच लिहिली होती. माझा पगार घराच्या हप्त्यात जायचा, म्हणून हिनं संध्याकाळी शाळेच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या आणि चार वर्षं पै पै साठवून पाटल्या सोडवून आणल्या. त्या दिवशी देवासमोर उभं राहून मी म्हणालो होतो, की आता पुन्हा यांना हात लावणार नाही. माझ्या शब्दावर शिक्का नव्हता, एवढाच काय तो आल्फोन्सोच्या सनदेत आणि त्याच्यात फरक.

“तात्पुरत्याच गं,” मी म्हणालो. “दोन वर्षांत सोडवू.”

“कोण सोडवणार?”

मी गप्प बसलो.

“आणि मला त्या माल्टाला जायचंय का, हे तरी तुम्ही विचारलंत का हो एकदा?” एवढं म्हणून ही मेथी घेऊन आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाची मला सवय आहे.

पुढं आठवडाभर घरात शांतता नांदली. मी एकटाच पुस्तक घेऊन बसायचो आणि मनातल्या मनात वाचायचो. तसं वाचल्यावर मात्र त्या इतिहासात भलतंच दिसायला लागलं. या बेटाविषयी जो तो बेत आखतो आहे, आणि बेटावर राहणाऱ्या माणसांना कुणी म्हणून विचारत नाही!

१५५१ साली द्रागुत नावाचा दर्यावर्दी सरदार गोझोवर उतरला आणि तिथली सुमारे पाच हजार माणसं, म्हणजे जवळजवळ सगळं बेट, गुलाम करून घेऊन गेला. त्यातल्या बहुतेक माणसांची नावनिशीही आपल्याला ठाऊक नाही. १५६५ साली सुलतान सुलेमाननं माल्टावर प्रचंड आरमार पाठवलं. तीस हजारांवर माणसं. त्यांचा बेत असा, की बंदराच्या तोंडावरचा सेंट एल्मो हा छोटा किल्ला चार-आठ दिवसांत घ्यायचा आणि मग बाकीचं बेट. तो किल्ला घ्यायलाच २३ जून उजाडला. जवळजवळ एक महिना गेला, हजारो माणसं गेली आणि द्रागुतही तिथंच पडला. सप्टेंबरात सिसिलीहून कुमक आली आणि वेढा उठला. सरदारांचा प्रमुख ला व्हालेत याचं नाव अजरामर झालं. १५६६ साली पायाभरणी झालेली राजधानी त्याच्याच नावानं व्हॅलेटा म्हणून ओळखली जाते. पण हिशोब नीट पाहिला तर सरदार होते पाच-सहाशे. तटावर उभे असलेले बाकीचे बहुतेक लोक साधे माल्टी शेतकरी, कोळी, गवंडी. त्यांच्या बायका दगड आणि पाणी वाहत होत्या. त्यांच्या नावाचं शहर नाही.

तारणाचा धंदा मात्र त्या बेटानं सोडला नाही. १५९८ साली तिथं ‘मोंते दी पिएता’ नावाची संस्था निघाली. गरिबांनी सावकाराच्या तावडीत जाऊ नये म्हणून माफक व्याजानं जिन्नस गहाण ठेवून घेणारी. १६०७ साली दुसरा एक निधी निघाला, तो परमुलखात गुलाम झालेल्या आपल्या माणसांना पैसे भरून सोडवून आणण्यासाठी. पुढं हे दोन्ही निधी एक झाले. खुद्द माल्टातही गुलाम होते, पण त्यांना सोडवायला निधी नव्हता. आणि ती मोंते दी पिएता, सांगायला अभिमान वाटतो, व्हॅलेटात आजही चालू आहे! चारशेपंचवीस वर्षांहून अधिक काळ सोनं तारण ठेवून घेणारं काउंटर! देवळं, किल्ले राहू द्यात. मला पाहायचं होतं ते हे. मी ‘दिवस दुसरा’समोर तेवढंच लिहिलं, आणि मग त्या वहीकडं बघवेना म्हणून खोडलं.

१७९८ च्या जूनमध्ये इजिप्तला जाता जाता नेपोलियन आला. जहाजांसाठी पाणी पाहिजे म्हणाला. सरदारांनी सांगितलं, एका वेळी चारच जहाजं आत घ्या. एवढ्या कारणावरून त्यानं बेटच घेतलं. आपल्याकडं पाण्यावरून सोसायटीत होतात त्या भांडणांना इतका जुना इतिहास आहे हे मला ठाऊक नव्हतं. तो राहिला आठवडाभर, आमच्या बेताइतकाच. पण तेवढ्यात त्यानं कायदे बदलले, गुलामी बंद केली हे चांगलं केलं, आणि देवळांतली चांदी उचलली हे वाईट केलं. तो गेला. मागं राहिलेल्या फ्रेंचांनी सप्टेंबरात एका चर्चमधल्या वस्तूंचा लिलाव मांडला, तेव्हा लोक उठले आणि फ्रेंचांना दोन वर्षं व्हॅलेटाच्या तटाआड कोंडून ठेवलं. बायाबापड्यांच्या श्रद्धेच्या चांदीला हात लावू नये, हे नेपोलियनलाही कळलं नव्हतं. मला नेपोलियनची संगत पहिल्यांदाच लाभली, आणि ती नको त्या बाबतीत.

लोकांनी मदतीला इंग्रजांना बोलावलं होतं. १८०२ साली इंग्रज आणि फ्रेंच यांनी आमिएं इथं बसून परस्पर ठरवलं, की माल्टा पुन्हा सरदारांना द्यायचा. माल्टी लोकांनी हक्कांचा जाहीरनामा काढून सांगितलं, की आम्हाला ते नकोत. १८१४ च्या तहात बेट इंग्रजांकडं कायम झालं आणि इंग्रज मुक्काम ठोकून राहिले.

या गोष्टीत आपली मुंबईही येते. १८७८ साली रशिया आणि तुर्कस्तान यांच्या भांडणात इंग्रजांना रशियाला डोळे वटारून दाखवायचे होते. पंतप्रधान डिझरायलीनं हिंदुस्थानातून सुमारे सात हजार फौज मुंबईच्या बंदरातून सुएझच्या वाटेनं माल्टाला नेली. त्यात मुंबई फौजेच्याही पलटणी होत्या. पार्लमेंटात ओरड झाली ती अशी, की पार्लमेंटला न विचारता फौज हलवलीच कशी! शिपायांना विचारलं का, असं मात्र कुणी विचारलं नाही. व्हिसा नाही, विमा नाही, रोजचा बेत नाही. आमच्या हेड कॅशियरच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी आपली माणसं सरकारी खर्चानं माल्टाचा समुद्र पाहून आली, आणि परत येऊन त्यांनी कुणाला फोटोही दाखवले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात तर या खडकाची परीक्षाच झाली. १९४२ च्या एकट्या एप्रिल महिन्यात त्यावर सहा हजार टनांहून अधिक बाँब पडले. ९ एप्रिलला मोस्टा गावच्या चर्चचा घुमट फोडून एक बाँब आत पडला, तेव्हा आत अडीच-तीनशे माणसं प्रार्थनेला बसली होती. तो फुटला नाही. त्याच महिन्यात इंग्लंडच्या राजानं सगळ्या बेटाला मिळून जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं. पदक खाता येत नाही. ऑगस्टपर्यंत धान्य आणि तेल संपत आलं होतं. चौदा मालवाहू जहाजांचा तांडा निघाला, त्यातली पाच पोचली. शेवटचं ‘ओहायो’ हे तेलाचं जहाज इतकं मोडलं होतं, की दोन्ही बाजूंनी दोन जहाजांनी काखेत धरून त्याला १५ ऑगस्टला बंदरात आणलं. त्या वर्षी घरोघरी जळण नव्हतं, म्हणून सरकारी स्वयंपाकघरांतून बायका डबे घेऊन रांगेत उभ्या राहत आणि पातळ रश्श्यावर दिवस काढत. एवढी ओळ मी दोनदा वाचली. युद्धाच्या पुस्तकात डब्याची रांग क्वचितच येते.

१९६४ साली देश स्वतंत्र झाला, १९७४ साली प्रजासत्ताक झाला, ३१ मार्च १९७९ ला शेवटचं इंग्रजी सैन्य गेलं. ३१ मार्च! आमच्या वर्षअखेरीचा दिवस. पावणेदोनशे वर्षांचं खातं त्यांनी त्याच तारखेला बंद केलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटली. आणि २००३ साली युरोपीय संघात जायचं का, हे सरकारनं लोकांना मत घेऊन विचारलं. ५३ टक्क्यांहून थोडे अधिक ‘हो’ म्हणाले. घासून का होईना, पण विचारून. एका राजानं गहाण टाकलेल्या, दुसऱ्यानं ससाण्याच्या भाड्यानं दिलेल्या त्या बेटाला कुणीतरी विचारत होतं, की बाबा, तुला काय पाहिजे?

मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात गेलो. ही पोळ्या लाटत होती. वीस वर्षांत मी तिथं प्रश्न घेऊन गेलो ते ‘चहा झाला का’ आणि ‘माझा रुमाल कुठंय’ एवढेच. म्हणून जरा वेळ दारातच उभा राहिलो.

“काय पाहिजे?” ही म्हणाली.

“तेच विचारायला आलो,” मी म्हणालो. “तुला काय पाहिजे?”

ही लाटणं थांबवून माझ्याकडं बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, “आठ दिवस कुणी मला ‘आज भाजी काय’ म्हणून विचारायचं नाही. कुठंही चालेल.”

रात्री कन्येला बोलावून घरातच मतदान घेतलं. तिचं मत, माल्टाला जावं. एक सिनेमा तिथं चित्रित झालाय म्हणे. माझं मत मी राखून ठेवलं. राजेलोकांनी या प्रसंगी गप्प बसावं. हिनं वही मागून घेतली, चौथं पान टर्रकन फाडलं आणि पाचव्या पानावर स्वतःच्या अक्षरात नवा हिशोब मांडला. शिकवण्यांचे पैसे इतके, माझ्या पगारातले इतके, आवर्ती ठेव हिच्या नावावर, मुदत तीस महिने. बेरीज पहिल्या झटक्यात जुळली. गणित शिकवणारी बाई आणि दुसऱ्या वर्गातला बी.कॉम. यांतला फरक तिथंच दिसला.

“म्हणजे जायचं?” मी विचारलं.

“जायचं. घाई नाही. ते बेट तीस महिन्यांत कुठं जात नाही,” ही म्हणाली. “आणि तुमच्या त्या पुस्तकात शेवटी एक ओळ होती, ती तुम्ही मला वाचून दाखवली नाहीत. मी दुपारी वाचली. माल्टात २०११ सालापर्यंत घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तोसुद्धा त्यांनी मत घेऊनच केला.”

“मग?”

“मग काही नाही. माहिती असावी.”

दुसऱ्या दिवशी बँकेत आवर्ती ठेवीचा फॉर्म मीच भरला. खातेदाराची सही हिची. घरी येऊन वही उघडून पाहिली, तर बेताच्या पानावर ‘दिवस दुसरा’समोर मी खोडलेली ओळ हिनं पुन्हा लिहून ठेवली होती : मोंते दी पिएता.

“तुला कशाला पाहायचंय ते?” मी विचारलं. “तिथं नुसतं काउंटर असणार. आमच्यासारखंच.”

“असू दे,” ही म्हणाली. “मला पाटल्या हातात घालून त्याच्यासमोरून एकदा चालत जायचंय.”